म्युनिकला निघण्यापूर्वी आर्मवरचे सिस्टीम कॉल स्वतः तपासून पाहा

आपण विचारले आहे की, पुण्यात तीन वर्षे एक्स८६ प्रोसेसरवर लिनक्सचे काम केल्यानंतर म्युनिकमध्ये आर्म प्रोसेसरवर चालणाऱ्या उपकरणांच्या कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, काम मिळत असेल, तर उरलेल्या चार महिन्यांत कोणती तयारी करावी. आपली पदवी आणि विद्यापीठ दोन्ही ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत आहेत का ते पाहून घ्या आणि जर्मन भाषेची शिकवणी लगेच लावा. बाकीचा वेळ मात्र सिस्टीम कॉलचा, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे करतो त्या मागणीचा, माग काढण्याच्या सरावाला द्या, असे मी आग्रहाने सांगेन, कारण येथे आल्यावर मी नेमका तिथेच अडलो.

एक प्रोग्रॅम कोणत्या फायली उघडतो हे शोधायचे होते. पुण्यात लिहिलेले, पीट्रेसवर (एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचे काम थांबवून तपासू देणारी लिनक्सची सोय) आधारलेले माझे साधन मी आर्म बोर्डसाठी बदलून घेतले. रजिस्टरांची, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागांची, नावे बदलली, पण फाइल उघडणाऱ्या ‘ओपनॅट’ या कॉलचा क्रमांक २५७ तसाच राहिला. तो एक्स८६-६४चा आहे. ६४ बिटांच्या आर्मवर हाच कॉल ५६ आहे, त्यामुळे दिवसभर एकही ओळ उमटली नाही. क्रमांक सुधारल्यावर वेगळेच दिसले. पहिल्या आर्ग्युमेंटच्या, म्हणजे कॉलसोबत दिलेल्या पहिल्या मूल्याच्या, जागी ‘चालू डिरेक्टरी’ दर्शवणारे -१०० यायला हवे होते, तिथे ३ येत होते. एक्स८६-६४वर पहिले आर्ग्युमेंट आरडीआयमध्ये असते आणि उत्तर आरएएक्समध्ये मिळते, म्हणून कॉल संपल्यावर वाचूनही माझे निभावत होते. आर्मवर मात्र दोन्हींसाठी एक्स-० हे एकच रजिस्टर आहे, आणि ते ३ म्हणजे नुकत्याच उघडलेल्या फायलीचा डिस्क्रिप्टर, म्हणजे कर्नलने तिला दिलेला क्रमांक, होता. आर्ग्युमेंट कॉल सुरू होतानाच वाचून जपून ठेवावे लागते, हे मला तेव्हा कळले.

त्याच बोर्डवर ३२ बिटांचे जुने प्रोग्रॅमही चालत असतील, तर क्रमांक ४ त्यांच्यासाठी ‘राइट’ असतो आणि ६४ बिटांच्या प्रोग्रॅमसाठी ‘आयओ-गेटइव्हेंट्स’. म्हणून क्रमांकाआधी आर्किटेक्चर, म्हणजे कॉल कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरच्या पद्धतीने झाला, ते विचारायचे. प्रोग्रॅमला कोणते कॉल करू द्यायचे हे ठरवणाऱ्या सेककॉम्पचे फिल्टर लिहितानाही हाच क्रम पाळायचा. २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.३पासून पीट्रेसची ‘गेट सिस्कॉल इन्फो’ ही विनंती आर्किटेक्चर, क्रमांक आणि आर्ग्युमेंट एकत्रच देते, त्यामुळे नवे साधन तिच्यावरच उभारा. रिस्क-व्ही प्रोसेसरवर क्रमांक ६४ बिटांच्या आर्मसारखेच आहेत, फक्त ते ए-७ रजिस्टरमध्ये असतात.

यासाठी बोर्ड विकत घेण्याची गरज नाही. आपल्या लॅपटॉपवर क्यूएमू या दुसऱ्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आर्मचे संपूर्ण यंत्र चालवा. क्यूएमूची केवळ प्रोग्रॅम चालवणारी पद्धत घेऊ नका, कारण तिथे पीट्रेस चालत नाही. मग ‘कॅट’ या आज्ञेने एखादी फाइल उघडा, एस्ट्रेस या कॉलचा माग दाखवणाऱ्या तयार साधनाचे उत्तर आणि आपल्या साधनाचे उत्तर शेजारी ठेवा, आणि दोन्हींत -१०० दिसेपर्यंत थांबू नका.