शंका-समाधान : वावरातला काळा दगड

प्रश्न : नांगरताना आमच्या वावरात ६४० ग्रॅमचा काळा, जड दगड निघाला. त्याला चुंबक चिकटतो. २०१२ मध्ये इकडे अशनी, म्हणजे अवकाशातून येणारे दगड, पडले होते, त्यामुळे गावात सगळे म्हणतात हा त्यातलाच. खात्री कशी करायची? – एक वाचक, काटोल

उत्तर : चुंबकावर भरवसा ठेवू नका. आपल्या भागातल्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे तोही चुंबकाला ओढ दाखवतो. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीतही (स्लॅग) लोखंडाचे थेंब अडकलेले सापडतात.

आधी घनता काढा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा लटकता धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल, त्याने दगडाच्या वजनाला भागा. २१५ आले तर ६४० भागिले २१५, म्हणजे सुमारे ३ : हा बेसाल्टचा आकडा झाला. साधा दगडी अशनी बहुधा ३.२ ते ३.७ च्या दरम्यान येतो. नागपूर जिल्ह्यातल्या मनसरकडचं चांगलं मँगनीज खनिज ४ च्याही वर जातं, म्हणून नुसतं ‘जड आहे’ याला अर्थ नाही. दगड तळाला टेकला तर आकडा साफ चुकतो. बुडबुडे चिकटून राहिले तर घनता कमी दिसते.

मग दगडाची बाहेरची साल बघा. अशनीची काळी साल जेमतेम मिलिमीटरभर, आत फिकट राखाडी. बेसाल्टचं उलट : बाहेर तपकिरी, फोडला की आत काळा. पोकळ्या किंवा त्यांत पांढरी खनिजं दिसली तर तो बहुधा बेसाल्ट किंवा मळी, अशनी नव्हे. मात्र काळ्या मातीत इतकी वर्षं ओल खाल्लेल्या अशनीची सालही गंजून तपकिरी होते.

खरी परीक्षा आतली. एक कोपरा २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर नखाएवढा घासा. राखाडी दगडात चंदेरी, धातूचे ठिपके चमकले तर तो तज्ज्ञांना दाखवण्याजोगा आहे. पृथ्वीवरच्या खडकात लोखंड असतं भरपूर, पण ऑक्सिजनशी बांधलेलं. सुटं धातुरूप लोखंड फार क्वचित मिळतं. अशनीतल्या लोखंडात शिवाय निकेल असतं. मळीतल्या थेंबांत ते सहसा नसतं.

बहुतेक दगडी अशनींत असणारे गोल दाणे, म्हणजे कोंड्रुल, दिसले नाहीत म्हणून दगड फेकू नका. काटोलचा अशनी एल-६ गटातला. त्यातला ६ हा आकडा सांगतो की ज्या मूळ पिंडातून तो तुटला त्यात तापून दाण्यांच्या कडा पुसल्या गेल्या आहेत. आम्लात बुडवू नका, आणि निओडिमियमचा तगडा चुंबक फिरवू नका. दगडातली जुनी चुंबकीय नोंद त्याने बिघडते. कोरड्या कागदात गुंडाळून नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. सापडल्याची नेमकी जागा लिहून न्या.

प्रश्न : अशनी म्हणजे लोखंडाचाच गोळा ना? – एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : नाही. पडताना पाहिलेल्या शंभर अशनींपैकी ९४-९५ दगडीच असतात, लोखंडी पाचेक, मिश्र एखादा. लोखंडी तुकडे चटकन वेगळे ओळखू येतात आणि टिकतात, म्हणून संग्रहालयांत तेच जास्त दिसतात. त्यांचा काप घासून सौम्य नायट्रिक आम्ल लावलं की बहुतेकांवर एकमेकांना छेदणारे पट्टे उमटतात. लाखो वर्षं अतिशय सावकाश थंड झाल्याशिवाय ते तयार होत नाहीत. कुठल्याही फाउंड्रीत ते ओतता यायचे नाहीत.