‘पश्चात्ताप होणे’ आणि ‘पश्चात्ताप करणे’

विचारलेली शंका अशी आहे : मराठीत माणसाला पश्चात्ताप ‘होतो’, मग मराठी बायबलात आणि ख्रिस्ती उपासनेत ‘पश्चात्ताप करा’ अशी आज्ञा कशी येते? आणि पश्चात्तापाने क्षमा मिळत असेल, तर येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही तो झालाच होता, त्याचे काय? शंकेचे दोन्ही भाग एकाच शब्दापाशी येऊन मिळतात, म्हणून त्यांचे उत्तर एकत्र देतो.

‘पश्चात्’ म्हणजे मागाहून आणि ‘ताप’ म्हणजे पोळणे. म्हणून शब्दात दोन ‘त’ आहेत आणि ‘पश्चाताप’ हे रूप अशुद्ध ठरते. कृत्य घडून गेल्यावर मनाला लागलेली आच असा त्याचा मूळ अर्थ. अशी आच माणूस ठरवून लावून घेत नाही, ती लागते, आणि म्हणूनच दुःख, आनंद, पस्तावा या शब्दांप्रमाणे ‘मला पश्चात्ताप झाला’ अशीच रचना आपल्या कानाला स्वाभाविक वाटते. परंतु नव्या करारातल्या, म्हणजे बायबलाच्या येशू व त्याच्या शिष्यांविषयीच्या भागातल्या, ज्या ग्रीक शब्दासाठी मराठी अनुवादकांनी हा शब्द योजला, तो ‘मेटानोइया’ हा शब्द मन पालटण्याचा आहे, आणि त्यामागे हिब्रू संदेष्ट्यांचे ‘शूव’ हे क्रियापद उभे आहे, ज्याचा साधा अर्थ वळणे, परत फिरणे असा होतो. वळणे ही क्रिया आहे, तिची आज्ञा देता येते. अनुवादकांनी नवा शब्द घडवला नाही. लोकांच्या तोंडी असलेलाच शब्द घेऊन त्याला ‘करणे’ हे क्रियापद जोडले आणि भावनेच्या शब्दातून कृतीचा अर्थ काढला. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण पोळणे आणि वळणे हे दोन्ही अर्थ त्यामुळे एका शब्दात नांदू लागले.

आता यहूदा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्राच्या, 27व्या अध्यायात येशूला दोषी ठरवलेले पाहून यहूदा ‘पस्तावला’ असे प्रचलित मराठी बायबल म्हणते. तिथे ग्रीकमध्येही ‘मेटानोइया’चे क्रियापद नाही, वाईट वाटणे या अर्थाचे ‘मेटामेलोमाय’ हे वेगळे क्रियापद आहे. लॅटिन अनुवादात हा भेद पुसला गेला, 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी अनुवादातही दोन्हीकडे एकच क्रियापद आले. मराठीने मात्र ‘पस्तावा’ आणि ‘पश्चात्ताप’ अशी दोन रूपे हाताशी असल्याने तो राखला, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावे.

तरीही सगळा भार या भेदावर टाकू नये. त्याच शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात, द्राक्षमळ्यात जायला आधी नकार देऊन नंतर गेलेल्या मुलासाठी ग्रीकमध्ये यहूदाचेच क्रियापद आले आहे, आणि त्या मुलाचे वागणे तर येशूने वाखाणले आहे. शिवाय ‘यहूदा पस्तावला, पेत्राने पश्चात्ताप केला’ असे प्रवचनांत सांगितले जात असले, तरी ‘मी त्याला ओळखत नाही’ असे म्हणून येशूला तीनदा नाकारल्यानंतर त्याचा शिष्य पेत्र याने काय केले हे सांगताना शुभवर्तमानकारांनी यांपैकी एकही शब्द वापरलेला नाही. तो बाहेर जाऊन अतिशय रडला, एवढेच मत्तय व लूक सांगतात. दोघांपैकी कोणाला अधिक पोळले हे मोजण्याचे साधन वाचकाला दिलेले नाही. उलट यहूदाने आपण निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केल्याचे स्पष्ट शब्दांत कबूल केले आणि चांदीची तीस नाणीही परत नेली. पण ती कबुली त्याने मुख्य याजकांपुढे दिली, आणि ‘त्याचे आम्हाला काय? तुझे तू पाहा’ असे उत्तर त्याच्या पदरी पडले. दोषाचे ओझे तसेच अंगावर घेऊन तो एकटा निघून गेला. पेत्र शिष्यांमध्येच राहिला, आणि योहानाच्या 21व्या अध्यायात तिबिर्याच्या सरोवराकाठी पेटलेल्या कोळशांच्या विस्तवाजवळ येशूने त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारले. ज्या रात्री पेत्राने तीनदा नाकारले, त्या रात्रीही तो कोळशांच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता. नव्या करारात या विस्तवाचा ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. नकार एकदाही उकरून काढला गेला नाही. प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे सांभाळण्याचे काम मात्र त्याच्याकडे सोपवले गेले. लूकच्या 22व्या अध्यायात तर नकाराच्या आधीच येशू त्याला, तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर, असे सांगून ठेवतो. ‘वळणे’ हाच शब्द पुढे पेत्राच्या तोंडी येतो : ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तो लोकांना ‘पश्चात्ताप करा व वळा’ असे सांगतो, म्हणजे पापे पुसली जातील. करिंथ इथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना पौल या प्रेषितानेही तारणाकडे नेणारे दुःख आणि मरणाकडे नेणारे दुःख असा फरक केला आहे, आणि तोही दुःखाच्या तीव्रतेवरून नव्हे.

याला लागून ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचाही खुलासा करायला हवा, कारण गोंधळ बहुधा तिथून सुरू होतो. हिंदू धर्मशास्त्रात प्रायश्चित्त दोषी माणूस स्वतः घेतो. तुकोबांनी चित्त अनुतापात न्हाणे यालाच प्रायश्चित्त म्हटले, तेव्हाही न्हाणारे चित्त त्या माणसाचेच आहे. मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात मात्र ख्रिस्त हाच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे असे वाक्य येते. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनानंतर धर्मगुरू जे प्रायश्चित्त सांगतात, तेही क्षमेची किंमत म्हणून नसते. त्यामुळे ख्रिस्ती संदर्भात ‘त्याने पश्चात्ताप करून क्षमा मिळवली’ असे लिहिण्यापेक्षा ‘तो पश्चात्ताप करून देवाकडे वळला आणि त्याला क्षमा मिळाली’ असे लिहावे. ‘मिळवणे’ हे क्रियापद तिथे अर्थाला बाधा आणते.