आधी गल्ल्यामागे उभे राहा

डिझायनर म्हणून पहिलंच काम दुकानदारांच्या पेमेंट ॲपचं मिळालं, छान झालं! आता लॅपटॉप मिटा आणि संध्याकाळी सहा ते आठ एखाद्या किराणा दुकानात गल्ल्यामागे उभे राहा. दुकानदाराच्या एका हातात तराजू, दुसऱ्यात पिशवी. तो फोनकडे बघतच नाही, त्याचा कान पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सकडे असतो. फोन उचलतो तो एकाच प्रश्नासाठी: पैसे आले का?

म्हणून सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- ॲप उघडताच शेवटचे व्यवहार दिसावेत. रक्कम ठळक, सोबत वेळ आणि नाव. ‘जमा’ आणि ‘अडकले’ यांतला फरक नुसत्या रंगाने दाखवू नका, शब्दही लिहा. खोटा स्क्रीनशॉट दाखवणारं गिऱ्हाईक इथेच पकडलं जातं.
- ‘सेटलमेंट’ नको, ‘बँकेत जमा’ म्हणा. दिवसाची विक्री आणि खात्यात आलेली रक्कम जुळली नाही, की दुकानदाराचा विश्वास उडालाच.
- मांडणी आधी मराठीत करा. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या बटणात वेलांट्या-उकार कापले जातात.

नवखे लोक पहिल्या पानावर कर्ज, विमा, ऑफर सगळं कोंबतात. मी तर विक्रीचा सुंदर आलेख काढला होता. एका काकांनी विचारलं, “हे डोंगर कसले?”

उधारीची वही, जीएसटी, मालाचा साठा यांना सध्या हात लावू नका. पहिला नमुना स्वस्तातल्या, काच तडकलेल्या फोनवर, भर उन्हात दाखवा.