आईच्या गुडघेदुखीला गरम पाण्याच्या झऱ्यात अंघोळ घालून फरक पडतो का? कोल्हापूरजवळ कुठं जाता येईल?

पडतो, पण झीज झालेला गुडघा काय भरून येत नाही भावा. गरम पाण्यात स्नायू सैल पडतात, पाणी वजन उचलतं म्हणून सांध्यावरचा भार कमी होतो आणि थोडे दिवस लई हलकं वाटतं, एवढंच. गंधकाच्या पाण्यानं खाज, सोरायसिसवाल्यांना काहीवेळा आराम पडतो, पण गोळ्या बंद करून तिकडं पळू नका.

आपल्याकडनं जवळ म्हणजे अणुस्कुरा घाट उतरून राजापूर, तिथं उन्हाळे गावात गरम झरा आहे (राजापूरची गंगा वेगळी, ती कधीतरीच येते), नाहीतर आंबा घाटातनं संगमेश्वरकडं तुरळ-राजवाडी. इथं ज्वालामुखी वगैरे काय नाही, पावसाचं पाणी भेगांतनं खोल जातं, तापतं आणि वर येतं. बुडापेस्टच्या १९१३ च्या सेचेनी बाथसारखा (गरम झऱ्याच्या पाण्याचं मोठं स्नानगृह) थाट डोक्यात ठेवून गेला तर हिरमोड होईल, आपल्याकडं साधं कुंड, आणि जिथं गंधक जास्त तिथं सडक्या अंड्याचा वास. आईची जोडवी आधी काढून ठेवा, चांदी काळी पडते.

पाणी आधी हातानं बघा, काही झरे अंग भाजतील इतके कडक असतात. दहा-पंधरा मिनिटं बास. शुगर असंल तर पायाला चटका कळत नाही, आणि बीपी किंवा हार्टचा त्रास असंल तर डॉक्टरला विचारूनच न्या. चेक देशातल्या कार्लोव्ही व्हॅरी गावात लोक झऱ्याचं पाणी कपानं पितात म्हणून इथलं पिऊ नका, त्यात सगळी पब्लिक अंघोळ करते.