विद्यापीठाचे विद्यार्थी नसताना तेथील व्याख्याने, कार्यक्रम आणि संशोधनसाधने यांचा लाभ कसा घ्यावा?

आपण कोरेगावात नोकरी करता, कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला नाही, आणि सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या बाजूच्या आपल्या आजोळी प्रतिसरकारच्या, म्हणजे सातारा भागात भूमिगत स्वातंत्र्यसैनिकांनी चालवलेल्या समांतर सरकारच्या, काळात काय घडले, यावर आपल्याला लिहायचे आहे. त्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील आगामी व्याख्याने व सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती आधी कशी कळेल आणि तेथील ग्रंथालय बाहेरच्या माणसाला वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत इतिहास शिकवतो. माझे मत असे की, आपल्या कामाला व्याख्यानांपेक्षा साधनांचा उपयोग कितीतरी अधिक आहे. तरी व्याख्यानांविषयी आधी सांगतो.

कोणत्याही विद्यापीठात व्याख्याने ठरतात ती अधिविभागांच्या आणि अध्यासनांच्या (एखाद्या व्यक्तीच्या वा विषयाच्या नावे चालणाऱ्या अभ्यासकेंद्रांच्या) पातळीवर, आणि कार्यक्रमपत्रिका बाहेर पडते ती बहुधा वक्त्याचे येणे पक्के झाल्यानंतर, म्हणजे फार उशिरा. म्हणून पत्रिकेची वाट पाहण्यापेक्षा वर्षाचे ठरलेले दिवस ध्यानात ठेवावेत. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची, त्यामुळे त्या दिवशी वर्धापनदिन असतो. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी येणारा राष्ट्रीय विज्ञान दिन, या सुमारास व्याख्यान नाही असे महाविद्यालयही विरळाच. दीक्षान्त समारंभाला जोडून ग्रंथदिंडी आणि ग्रंथमहोत्सव असतो. तो मात्र अवश्य पाहावा, कारण एरवी दुकानात न दिसणारी संस्थांची प्रकाशने अशा ठिकाणी हाती लागतात. आपल्या विषयापुरते इतिहास अधिविभाग आणि शाहू संशोधन केंद्र या दोन ठिकाणच्या कार्यालयांत दूरध्वनी करून विचारत राहिलात, तरी पुरे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि अग्रणी महाविद्यालय योजनेखाली परिसरातील महाविद्यालयांचे गट करून त्यांच्यात एकदिवसीय कार्यशाळा व व्याख्याने होतात. म्हणजे जो वक्ता ऐकायला आपण सव्वाशे किलोमीटर जाणार, तो कदाचित आपल्याच तालुक्यात येऊन गेलेला असतो. जवळच्या महाविद्यालयातील ग्रंथपालांशी ओळख ठेवली, तर हे वेळेवर कळते. युवा महोत्सवही आधी प्रत्येक जिल्ह्यात होतो आणि मग मध्यवर्ती. लोकनृत्य, पथनाट्य, मूकनाट्य, लोकवाद्यवृंद यांची चुरस पाहायची असेल, तर साताऱ्याचा जिल्हा महोत्सव आपल्याला पुरेसा आहे. मला विचाराल, तर मध्यवर्ती महोत्सवापेक्षा जिल्ह्याचाच अधिक रंगतो.

आता साधनांविषयी. कोल्हापूरला जाण्याआधी घरबसल्या करण्यासारखे काम म्हणजे ‘शोधगंगा’ पाहणे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेला हा पीएच.डी. प्रबंधांचा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला आहे, त्यासाठी कोणत्याही संस्थेचे सदस्यत्व लागत नाही. मात्र त्यातील मराठी प्रबंध शोधताना नवखा माणूस हमखास अडतो. शीर्षके पुष्कळदा रोमन लिपीत किंवा इंग्रजी भाषांतरात नोंदवलेली असतात आणि जुने प्रबंध म्हणजे नुसती पानांची छायाचित्रे असतात, त्यामुळे ‘प्रतिसरकार’ असे देवनागरीत टाकून शोधले, तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी आधी विद्यापीठ निवडावे, मग अधिविभाग, आणि येईल ती यादी सरळ डोळ्यांखालून घालावी. प्रबंध उघडल्यावर प्रकरणे स्वतंत्र फायलींत दिसतात. त्यांतील पहिली फाईल न उघडता शेवटची, म्हणजे संदर्भसूचीची, आधी उघडावी. प्रबंधकाराचे निष्कर्ष आपल्याला पटोत न पटोत, त्याने कोणत्या दप्तरखान्यातील कोणत्या क्रमांकाची फाईल पाहिली, कोणत्या गावात कोणाची मुलाखत घेतली, कोणत्या वृत्तपत्राचे कोणते अंक चाळले, हे तेथे आयते मिळते. या विषयावरचे चांगले प्रबंध मुंबईच्या पुराभिलेखागारातील गृह विभागाच्या ‘विशेष’ फायलींकडे बोट दाखवतात. पोलिसांचे गोपनीय अहवाल तेथे आहेत आणि ते आपल्याला कोल्हापुरात मिळणार नाहीत.

शोधताना जिल्ह्याच्या नावाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. प्रतिसरकारच्या काळात, म्हणजे १९४३ ते १९४६ मध्ये, सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यामुळे ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या सूचीत, केवळ ‘सांगली’ शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो. ‘सातारा’ आणि ‘दक्षिण सातारा’ हे दोन्ही शब्द चालवून पाहावेत. त्यातही कुंडल ब्रिटिश मुलखात नव्हते, ते औंध संस्थानात होते, आणि औंधने १९३९ मध्येच ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना स्वीकारली होती. भूमिगतांना कुंडल परिसरात जो आसरा मिळाला, त्याचा विचार या संस्थानी हद्दीला वगळून करता येत नाही. आपले गाव त्या काळी संस्थानात होते की खालसा, म्हणजे थेट ब्रिटिश अमलाखालच्या, मुलखात, हे आधी निश्चित करा. पुढचा सारा शोध त्यावर अवलंबून आहे.

एवढी तयारी झाली, की मग विद्यापीठातील बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जावे. बाहेरच्या वाचकासाठी सर्वसाधारण रीत अशी की, ग्रंथपालांच्या नावे विषय नमूद केलेला साधा अर्ज, सोबत ओळखपत्र, आणि शक्य झाल्यास एखाद्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र द्यावे. प्रबंध आणि दुर्मीळ ग्रंथ तेथेच बसून वाचावे लागतात. शुल्क, वेळा आणि सुट्ट्या आदल्या दिवशी दूरध्वनीवरून विचारून घ्याव्यात. काउंटरवर ‘प्रतिसरकारवर काय आहे?’ असे मोघम विचारले, की दोन-चार परिचित पुस्तके पुढे येतात. लेखक, शीर्षक आणि वर्ष लिहिलेली यादी दिली, की तोच कर्मचारी उठून मागच्या कपाटापर्यंत जातो. संशोधनपत्रिकांसाठी ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही केंद्राची योजना २०२५ पासून सुरू आहे, परंतु ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांतील विद्यार्थी-अध्यापकांसाठी आहे. आपल्या विषयाचे तिच्यावाचून काही अडणार नाही.

त्याच आवारात वि. स. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय आहे. खांडेकर जन्माने सांगलीचे, त्यामुळे ते पाहा म्हणण्यात माझा थोडा पक्षपात आहे, हे मान्य. परंतु वेळ उरला तरच पाहावे, कारण ग्रंथालयातील वाचनाला दिवस अपुराच पडतो.

मुलाखतींचे काम मात्र यांतील कशासाठीही थांबवू नका. त्या काळी जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज नव्वदीत आहेत. गावातील अशा व्यक्तींना आधी भेटा, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करा, तारीख आणि ठिकाण मुद्रणाच्या आरंभीच बोलून ठेवा, आणि शोधगंगेतील याद्या नंतर सवडीने चाळा.