औषधाचा खर्च हा तपासणीचाच भाग

प्रश्न : मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या विकाराच्या, प्रौढ रुग्णांपैकी काही जण औषधाचा चांगला गुण येऊनही दोन-तीन महिन्यांत येणे बंद करतात. चौकशी केल्यावर औषध परवडत नव्हते असे कळते, पण समोर बसलेले असताना कोणीही तसे सांगत नाही. रुग्णाच्या खर्चात डॉक्टरने किती लक्ष घालावे, आणि घालायचे तर नेमके काय करावे?

उत्तर : लक्ष घालावेच, आणि रुग्ण बोलेल याची वाट न पाहता स्वतः विषय काढावा. एडीएचडीच्या बाबतीत हे अधिक निकडीचे आहे. चार दुकानांत भाव विचारणे, विम्याचे अर्ज मुदतीत भरणे, नाकारलेल्या दाव्यामागे चिकाटीने लागणे ही कामे ज्या क्षमतांवर अवलंबून असतात, नेमक्या त्याच क्षमता या आजारात कमी पडतात. स्वस्त पर्याय शोधण्याचे काम रुग्णावर सोपवले, तर ते बहुधा अर्धवट राहते आणि औषध सुटते. म्हणून त्यातला जेवढा भार आपल्या टेबलावर उतरवून घेता येईल, तेवढा घ्यावा.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. ‘परवडते ना?’ या प्रश्नाला माणूस संकोचाने ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी ‘या महिन्यात पैशांमुळे किती गोळ्या चुकवाव्या लागल्या किंवा पुरवून पुरवून घ्याव्या लागल्या?’ असे विचारले, की खरे उत्तर मिळते. अनेकदा गुण न येण्याचे कारणही तिथेच सापडते. ते न विचारता डोस वाढवत राहिलो, तर आपण खर्चही वाढवतो आणि उपचारही चुकवतो.

आता चिठ्ठीकडे वळू. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या उत्तेजक औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे तीन ते चार तास टिकतो, तर दीर्घकाळ चालणाऱ्या प्रकारांचा, त्या त्या प्रकारानुसार, आठ ते बारा तासांपर्यंत. साधी गोळी सहसा स्वस्त असते आणि ज्याला दुपारचा डोस आठवणीने घेता येतो, त्याच्यासाठी ती पूर्ण समाधानकारक ठरू शकते. मात्र दुपारचा डोस रोज विसरला जात असेल, किंवा गोळ्यांचा गैरवापर होण्याची शक्यता घरात असेल, तर ही बचत फसवी आहे. अशा वेळी महाग गोळीचा आग्रह धरावा आणि त्यामागचे कारण रुग्णाला समजावून सांगावे.

जेनेरिक नावाने लिहिण्याची सवय उत्तमच. फक्त दीर्घकाळ चालणाऱ्या मिथाइलफेनिडेटच्या निरनिराळ्या उत्पादनांत औषध सुटण्याची गती वेगवेगळी असते, त्यामुळे बदल केल्यास परिणाम कधी सुरू होतो आणि कधी ओसरतो हे पुढच्या भेटीत आवर्जून विचारावे. डोस ठरेपर्यंत पूर्ण महिन्याची चिठ्ठी देऊ नये. उत्तेजक औषधांचा परिणाम काही दिवसांतच दिसतो, तेव्हा थोड्या गोळ्या देऊन पाहिले तर सोसल्या नाहीत म्हणून भरलेली बाटली कपाटात पडून राहत नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिनसारख्या, उत्तेजक नसलेल्या औषधात कॅप्सूलची किंमत मिलिग्रॅमच्या प्रमाणात वाढतेच असे नाही; ४० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल बऱ्याचदा कमी ताकदीच्या दोन कॅप्सूलपेक्षा स्वस्त पडते. केमिस्टला एक फोन केला की हे कळते, आणि तो फोन दवाखान्यातून झाला पाहिजे.

औषधाबाहेरच्या खर्चाचा विचार आपण फारसा करत नाही. मिथाइलफेनिडेट हे संयुक्त राष्ट्रांच्या सायकोट्रॉपिक पदार्थांविषयीच्या १९७१ च्या करारात दुसऱ्या अनुसूचीत असल्याने त्याच्या चिठ्ठीवर ठिकठिकाणी निर्बंध आहेत, आणि त्यापायी रुग्णाला वारंवार यावे लागते. प्रत्येक खेपेला प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भार पडतो. नियम जिथे मोकळीक देतात, तिथे मधली भेट फोनवर घ्यावी आणि नाडी, रक्तदाब व वजन जवळच्या डॉक्टरकडे किंवा परिचारिकेकडे मोजून कळवायला सांगावे. सरसकट ईसीजी काढण्याचीही गरज नसते: ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयविकाराचा पूर्वेतिहास नसेल, तपासणी सामान्य असेल आणि हृदयाला जोखीम वाढवणारे दुसरे औषध चालू नसेल, तर उत्तेजक औषधापूर्वी तो आवश्यक नाही.

विम्याने पूर्वमंजुरी नाकारली, तर बहुधा आपली टिपणे अपुरी असतात. कोणते औषध, किती डोसमध्ये, किती आठवडे दिले, काय गुण आला आणि कोणता त्रास झाला, हे तारखांसह लिहिलेले असेल तर अपिलाचे पत्र तयार करायला फार वेळ लागत नाही. उत्पादकाची किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेची मदत योजना मिळत असेल तर अर्ज रुग्ण समोर असतानाच भरावा, आणि सवलत कधी संपते ती तारीख केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी.

प्रश्न : माझ्या मुलाला एडीएचडीसाठी औषध चालू आहे. पैसे वाचवण्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी गोळी देत नाही आणि कधी कधी गोळी अर्धी करते. यात धोका आहे का?

उत्तर : ताई, हे कोणते औषध आहे यावर अवलंबून आहे, म्हणून आधी पाकिटावरचे नाव नीट वाचा. मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्या दिवसापुरताच असल्याने डॉक्टरांशी ठरवून काही दिवस ते न देणे शक्य असते. तरीही सुट्टीच्या दिवशी मुलाला रस्ता ओलांडायचा असतो, मित्रांत खेळायचे असते, भावंडांशी जुळवून घ्यायचे असते. त्या दिवसांत त्याचे कसे जाते हे पाहूनच निर्णय व्हावा. अ‍ॅटोमॉक्सेटिन मात्र रोज घ्यावे लागते. त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात आणि मधूनमधून देण्याचा उपयोग होत नाही. ग्वानफॅसिन किंवा क्लोनिडिन असेल तर ते अचानक कधीही थांबवू नका, कारण रक्तदाब एकदम वाढू शकतो.

अर्धी करण्याबद्दल सांगायचे तर, मध्ये रेघ असलेली साधी गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोडता येते. दीर्घकाळ चालणारी गोळी मोडली किंवा चुरली, तर दिवसभराचे औषध एकदम सुटू शकते. अ‍ॅटोमॉक्सेटिनची कॅप्सूलही उघडू नये; आतली पूड डोळ्यांना झोंबते.

पुढच्या भेटीला जाताना महिन्याला किती पैसे जमवता येतात तो आकडा आणि कोणत्या दिवशी गोळी दिली नाही याची नोंद, दोन्ही एका कागदावर लिहून न्या आणि सुरुवातीलाच डॉक्टरांच्या हातात द्या. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवू नका. त्यांना हे कळले, तर तेवढ्या पैशांत बसणारे आणि रोज देता येणारे औषध ते निवडू शकतील.