वर्ग आवडला, पण भाषा आली का?

परकीय भाषा शिकणारे आणि शिकवणारे अशा दोघांकडूनही या वेळी प्रश्न आले आहेत. बहुतेकांचा रोख नव्या पद्धतींवर आहे: टास्क-आधारित वर्ग, ॲप, फ्लिप्ड क्लासरूम, एआयशी संभाषण. एखाद्या पद्धतीबद्दल शिकणाऱ्याला काय वाटतं आणि त्या पद्धतीने त्याला किती भाषा येते, या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. त्या वेगळ्या ठेवल्या तर यातले बरेच पेच सुटतात, म्हणून काही उत्तरं जरा सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न: मी प्रौढांना फ्रेंच शिकवते. या सत्रात व्याकरण समजावून सांगणं कमी केलं आणि बराचसा वेळ टास्कना दिला: दोघांनी मिळून प्रवासाचं वेळापत्रक ठरवणं, तक्रार सोडवणं, अर्धी-अर्धी माहिती एकमेकांना विचारून पूर्ण करणं. चाचणीत ही तुकडी आधीच्या तुकडीपेक्षा सरस ठरली. तरी फीडबॅक फॉर्ममध्ये अनेकांनी लिहिलं, 'बाईंनी काही शिकवलंच नाही, नुसत्या गप्पा झाल्या.' मी कशावर विश्वास ठेवू?

दोन्हींवर ठेवा, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे हे लक्षात घ्या. चाचणी सांगते, काय आलं. फॉर्म सांगतो, येत असताना कसं वाटलं.

हा अनुभव तुमच्या एकटीचा नाही. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यान दिलं, काहींना तोच भाग स्वतः प्रश्न सोडवत शिकायला लावला. स्वतः झटणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण 'आपण कमी शिकलो' असंही त्यांनाच वाटलं. त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी उताऱ्यांवर प्रयोग केला होता. एक गट तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचत होता, दुसरा वाचून झाल्यावर तो आठवून लिहीत होता. आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांना जास्त होती. पाच मिनिटांनी तेच पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

कारण सरळ आहे. शिक्षकाने नियम नीट उलगडून सांगितला की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच आपल्याला आलं अशी समजूत होते. टास्क करताना हवा तो शब्द सापडत नाही, क्रियापदाचं रूप अडतं, समोरच्याला आपलं म्हणणं कळत नाही. हे अडखळणं शिकणाऱ्याला अपयश वाटतं. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं ऐकून-वाचून भागत नाही, बोलावं-लिहावं लागतं. आपल्याला काय म्हणायचं आहे आणि काय म्हणता येतं यातलं अंतर तेव्हाच दिसतं. तुमच्या विद्यार्थ्यांना ते अंतर रोज दिसत होतं, म्हणून ते अस्वस्थ होते.

शिवाय प्रौढ माणूस वर्गात कोरा येत नाही. भाषा शिकणं म्हणजे काय याचं चित्र शाळेपासून त्याच्या मनात असतं. एलेन होर्वित्झ यांनी १९८० च्या दशकात नेमक्या याच समजुती जाणून घेण्यासाठी एक प्रश्नावली केली, आणि 'परकीय भाषा शिकणं म्हणजे मुख्यतः व्याकरणाचे नियम शिकणं' हे तिच्यातलं एक विधान आहे. ज्याला हे मनापासून पटतं, त्याच्या लेखी नियम फळ्यावर न आलेला तास रिकामाच.

तेव्हा पद्धत सोडू नका, मांडणी बदला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात शाळांमध्ये टास्कमधून इंग्रजी शिकवून पाहणारा बंगळूर प्रकल्प चालवला, त्यात मुख्य टास्कच्या आधी तसाच एक टास्क शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर सोडवत असत. शिकणाऱ्याला त्यामुळे मोठा आधार मिळतो. जेन विलिस यांच्या मांडणीत टास्क झाल्यावर भाषेच्या रूपांकडे वळण्याचा स्वतंत्र टप्पा आहे. टास्कमध्ये जिथे सगळे अडखळले, ते फळ्यावर आणा, नियम तेव्हा सांगा. नियमाची गरज तोपर्यंत त्यांना स्वतःलाच लागलेली असते, म्हणून तो पटकन बसतो. आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. सत्र संपताना त्याच विषयावर पुन्हा बोलायला लावून दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ऐकवा. त्यानंतर फीडबॅक फॉर्म द्या.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासा. 'नुसत्या गप्पा' ही तक्रार कधी कधी खरीही असते. टास्क जुनेच शब्द आणि जुनीच वाक्यं वापरून उरकता येत असेल, तर विद्यार्थी रमतात पण पुढे सरकत नाहीत. प्रत्येक टास्कमध्ये नवं काय लागणार आहे, हे आधी स्वतःसाठी लिहून काढा.

प्रश्न: प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, विद्यार्थी बोलत असताना चुका काढू नका, आत्मविश्वास जातो. माझे विद्यार्थी मात्र म्हणतात, 'सर, प्रत्येक चूक सांगा.' कोण बरोबर?

इथे माझा कौल बराचसा विद्यार्थ्यांकडे आहे. रेनाटे शुल्झ यांनी अमेरिका आणि कोलंबिया इथल्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची मतं ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही देशांत हीच तफावत दिसली: शिक्षकांना वाटतं त्यापेक्षा विद्यार्थ्यांना चुका जास्त दुरुस्त करून हव्या असतात.

खरा प्रश्न कशी दुरुस्त करायची हा आहे. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या चार वर्गांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. शिक्षक ५५ टक्के वेळा एकच मार्ग वापरत होते: विद्यार्थ्याचं वाक्य सहजपणे बरोबर करून म्हणायचं. पण त्यावर विद्यार्थ्यांनी काही प्रतिसाद दिला तो जेमतेम ३१ टक्के वेळा. समजा, मराठी शिकणारा परदेशी विद्यार्थी म्हणाला, 'मी काल पुस्तक वाचलो.' तुम्ही म्हणालात, 'अरे वा, तू पुस्तक वाचलंस! कोणतं?' तुम्ही दुरुस्ती केलीत, त्याने कौतुक ऐकलं. तो पुस्तकाचं नाव सांगून मोकळा होतो आणि 'वाचलो' तसंच राहतं. त्याऐवजी 'मी काल पुस्तक...?' एवढंच म्हणून थांबलात, तर वाक्य त्यालाच पूर्ण करावं लागतं. त्या वर्गांमध्ये असं अर्ध्यावर सोडलेलं वाक्य विद्यार्थ्यांनी दर वेळी उचललं होतं. प्रत्येक वेळी बरोबरच केलं असं नाही, पण लक्ष तिकडे गेलं.

प्रत्येक चूक मात्र धरू नका. टास्क चालू असताना अर्थ बिघडवणाऱ्या चुका तेवढ्या घ्या, बाकीच्या टिपून ठेवा आणि शेवटी नावं न घेता फळ्यावर मांडा. आणि हे असं का करता, ते विद्यार्थ्यांना सांगा. न सांगितल्यास तुमचा संयम त्यांना दुर्लक्ष वाटतो.

प्रश्न: माझं वय ५२. दोन वर्षं एकही दिवस न चुकवता ॲपवर रोज १५ मिनिटं स्पॅनिश करतो. ॲप म्हणतं प्रगती छान आहे. पण स्पॅनिश बोलणारं कुणी भेटलं की तोंडातून वाक्य निघत नाही. वयाचा दोष की ॲपचा?

दोन्हींचा नाही, आधी हिशेब करू. रोज १५ मिनिटं म्हणजे वर्षाला साधारण ९० तास, दोन वर्षांत १८०. अमेरिकेच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणाऱ्या संस्थेचा अनुभव असा की इंग्रजी मातृभाषा असलेल्याला स्पॅनिशमध्ये कामकाज करण्याइतकं प्रावीण्य मिळवायला ६०० ते ७५० तास वर्गात बसावं लागतं. जपानी किंवा अरबीसाठी हाच आकडा २२०० च्या घरात जातो. तुमची मातृभाषा वेगळी असेल, तुमचं ध्येयही तेवढं मोठं नसेल, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे. होर्वित्झ यांच्या प्रश्नावलीत 'रोज एक तास दिला तर भाषा यायला किती काळ लागेल?' असाही प्रश्न आहे. मनातलं उत्तर फार आशावादी असलं की निराशा ठरलेली असते.

ॲपची ताकद खरी आहे. विसरायच्या बेतात असलेला शब्द वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणायचा, हे तत्त्व एबिंगहाउस यांच्या १८८५ च्या स्मृतीवरच्या प्रयोगांपर्यंत मागे जातं, आणि शब्दसंग्रहासाठी त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही. पण ॲप प्रगती मोजतं ती त्यानेच विचारलेल्या प्रश्नांवर. चार पर्यायांतून शब्द ओळखण्याचा सराव केलात, तर ओळखणं सुधारतं. समोर माणूस वाट पाहत असताना वाक्य उभं करणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि त्याचा सराव तुम्ही अजून केलेलाच नाही.

वयाचं म्हणाल, तर जवळपास पावणेसात लाख लोकांच्या उत्तरांवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात इंग्रजी व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता १७-१८ व्या वर्षांनंतर घटताना दिसली. तिथे प्रश्न होता तो ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्यांच्या पातळीला पोचण्याचा. तुम्हाला गप्पा मारायच्या आहेत. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांवरच्या १९७८ च्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत किशोर आणि प्रौढ डच भाषेत लहान मुलांच्या पुढे होते. त्यामुळे वयाचं ओझं खांद्यावरून उतरवा.

आठवड्यातले तीन दिवस ॲपऐवजी हे करा: एखादा विषय घ्या, त्यावर चार मिनिटं मोठ्याने बोला, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. दर वेळी ऐकणारा वेगळा मिळाला तर उत्तम, नाही तर रेकॉर्ड करा. मजकूर तोच असल्यामुळे डोक्यावरचा भार हलका होतो आणि बोलण्याला वेग येतो.

प्रश्न: मी विद्यार्थिनी आहे. लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत असते, पण वर्गात बोलायची पाळी आली की घशाला कोरड पडते. एआयशी जपानीत बोलताना अजिबात भीती वाटत नाही. मैत्रीण म्हणते ही पळवाट आहे.

पळवाट नाही, पहिली पायरी आहे. परकीय भाषेच्या वर्गातली भीती ही एरवीच्या परीक्षेच्या भीतीहून वेगळी असते, हे होर्वित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची मोजपट्टी तयार केली. स्वतःच्या भाषेत हुशारीने बोलणाऱ्या माणसाला तिथे लहान मुलासारखं बोलावं लागतं, तेही चारचौघांत. तुझी भीती तुझ्या कुवतीबद्दल काहीच सांगत नाही.

एआयसमोर कुणी हसत नाही, म्हणून तू जास्त बोलतेस, आणि जास्त बोलणं हा लाभच आहे. पण दोन मर्यादा ध्यानात ठेव. एक म्हणजे मोडकंतोडकं वाक्यही त्याला बहुधा कळतं. माणूस कपाळाला आठ्या घालतो, 'काय म्हणालीस?' विचारतो, आणि त्यातून आपण सुधारतो. म्हणून सुरुवातीलाच त्याला सूचना दे की चूक दुरुस्त करून देऊ नकोस, कुठे गडबड आहे एवढंच सांग आणि मला पुन्हा म्हणायला लाव. दुसरी मर्यादा अशी की त्याला घाई नसते. माणसांच्या संभाषणात पाळी पटकन येते आणि निघून जाते.

म्हणून पुढची पायरी लगेच ठरव. जे एआयशी बोललीस, तेच त्याच आठवड्यात एका माणसाशी बोल, वर्गातल्या त्याच मैत्रिणीशी चालेल. आणि शिक्षकांकडे एक साधी मागणी कर: उत्तर देण्याआधी विचार करायला मिनिटभर द्या. तयारीला वेळ मिळाला की बोलणं सुधारतं, हे संशोधनात वारंवार दिसलेलं आहे. ही सवलत मागण्यात कमीपणा नाही. हा विनंतीचा भाग मी वाचणाऱ्या शिक्षकांसाठीही लिहिते आहे: प्रश्न विचारल्यावर थांबा. ती शांतता तुम्हाला अवघड वाटते, तिला तीच हवी असते.

प्रश्न: मी 'पाहून शिकणारा' आहे असं एका चाचणीत निघालं. मग ऐकण्याचे सराव वगळले तर चालतील?

नाही. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असू शकते, पण बोललेली भाषा समजायला ती ऐकावीच लागते.

प्रश्न: आमच्या भाषा विभागात फ्लिप्ड क्लासरूम सुरू केलं आहे: नियमांचे व्हिडिओ घरी, सराव वर्गात. विद्यार्थ्यांना काय वाटतं याचं सर्वेक्षण करायचं आहे. प्रश्नावली कशी असावी?

विद्यार्थ्यांना विचारायचं ठरवलंत याचा मला आनंद आहे. नवी पद्धत आणताना बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं.

'तुम्हाला ही पद्धत आवडली का?' एवढंच विचारू नका. होकार आला तरी त्यातून काही कळत नाही. उपयोग आणि सोपेपणा वेगळे विचारा. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याबद्दल फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये जी मांडणी केली, तिच्यात हे दोन घटक वेगळे आहेत, आणि भाषेच्या वर्गातही ते वेगळेच निघतात. व्हिडिओ पाहायला सोपा असतो, पण तो पाहून वर्गात बोलायला मदत झाली का, हा निराळा प्रश्न. मतांइतकंच वागणं विचारा: गेल्या आठवड्यात किती व्हिडिओ पूर्ण पाहिले, थांबवून टिपणं काढली का, न पाहता वर्गात आलात तेव्हा काय केलंत. फ्लिप्ड वर्ग फसतो तो बहुतेकदा इथेच. निम्मे जण न पाहता आले की शिक्षक तोच भाग पुन्हा शिकवतो, आणि पाहून आलेल्यांना पुढच्या वेळी पाहावंसं वाटत नाही.

सर्वेक्षण दोनदा घ्या. पहिल्या महिन्यातला उत्साह नवेपणाचा असतो, तशीच पहिल्या महिन्यातली कुरकुरही. नावं लिहून घेऊ नका, आणि गुण देणाऱ्या शिक्षकाने फॉर्म गोळा करू नयेत. आठ-दहा जणांशी सविस्तर बोला, त्यात बोलक्यांबरोबर गप्प बसणारेही असू देत. शिकलेलं तपासायचं असेल तर त्यासाठी स्वतंत्र चाचणी ठेवा, धडा संपल्यावर लगेच एक आणि काही आठवड्यांनी न सांगता दुसरी. मग दोन्हींचे निकाल समोरासमोर ठेवून विद्यार्थ्यांनाही दाखवा, आणि त्यांच्या कोणत्या सूचनेवरून काय बदललंत ते त्याच बैठकीत सांगा. पुढच्या सर्वेक्षणात ते मनापासून उत्तरं देतील.